सायकलीमागचा गाडा : ओढण्यास हलका, थांबविण्यास जड

(इयत्ता ६ वी व ७ वी – सामान्य विज्ञान – दोन तासिकांचा पाठ)

प्रास्ताविक

घर्षण, गुरुत्वमध्य व जडत्व हे तीन विषय आपल्या शाळांतून नियमाने शिकविले जातात. मुले व्याख्याही बिनचूक म्हणतात. परंतु तीच मुले शाळा सुटल्यावर सायकलीच्या कॅरिअरला गवताचा भारा किंवा पाण्याचा कॅन बांधतात आणि उतारावरून निघतात, तेव्हा त्या व्याख्या वहीतच राहिलेल्या असतात. पाठ केलेला नियम हातापायांपर्यंत पोहोचला नाही, तर तो शिकविला असे म्हणता येणार नाही. प्रस्तुत पाठात हे तिन्ही विषय एकाच प्रवासाच्या आधारे मांडले आहेत. प्रवास दूरदेशीचा असला तरी त्यातील चाक, चढ, वारा आणि वाळू ही मुलांच्या परिचयाचीच आहेत.

उद्देश

१. चाकामुळे ओझे ओढणे सोपे का होते, हे प्रयोगाने समजणे.
२. गाड्यावर ओझे कोठे ठेवावे, याचा निर्णय मुलांना स्वतः घेता येणे.
३. ओढण्यास लागणारा जोर व थांबविण्यास लागणारा जोर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पटणे.
४. सायकलीवरून ओझे नेताना घ्यावयाची काळजी अंगवळणी पडणे.

साहित्य

एक वीट, सुतळी, स्प्रिंगचा काटा (नसल्यास रबराचा पट्टा व फूटपट्टी), चार-पाच गोल पेन्सिली, जाड पुठ्ठा, डब्यांची दोन झाकणे, सायकलीचा एक जुना आरा, एक लांब फळी, रिकामी काड्यापेटी, थाळीभर कोरडी वाळू व काही दगड. यांतील कोणतीही वस्तू विकत आणण्याचे कारण पडू नये.

पूर्वतयारी

पुढील प्रश्नांनी आरंभ करावा. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव कशासाठी बसवितात? आखाला वंगण का घालतात? भरलेली गाडी उतारावर आली की गाडीवान बैलांना हाकतो की आवरतो? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर बहुतेक मुलांना ठाऊक असते; ते फळ्यावर एका कोपऱ्यात लिहून ठेवावे. पाठाच्या अखेरीस त्याकडे पुन्हा यावयाचे आहे.

हेतुकथन

मुलांना पुढील वृत्तांत आपल्या शब्दांत सांगावा.

समुद्रावर किंवा तळ्यात एका फळीवर उभे राहून, तिच्यावर बसविलेले शीड हाती धरून, वाऱ्याच्या बळावर पाणी कापीत जाण्याचा एक खेळ आहे. त्यास विंडसर्फिंग म्हणतात. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यालगत हेलिंग नावाचे बेट आहे. तेथे १९५८ साली पीटर चिल्व्हर्स या अवघ्या बारा वर्षांच्या मुलाने फळीला शीड जोडून असे एक साधन तयार केले होते. पुढे अमेरिकेत जिम ड्रेक व हॉयल श्वाइट्झर यांनी सुधारलेल्या साधनाचे पेटंट घेतले. त्यावरून इंग्लंडमध्ये खटला चालला, तेव्हा न्यायालयाने या मुलाचे जुने साधन विचारात घेतले आणि तेथील पेटंट रद्द ठरविले. बारा वर्षांच्या मुलाच्या हातचे काम न्यायालयातही जमेस धरले गेले, ही गोष्ट आपल्या विद्यार्थ्यांना अवश्य सांगावी. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये या खेळाचा प्रथम समावेश झाला आणि पहिले सुवर्णपदक नेदरलँड्सच्या स्टीफन व्हान डेन बर्ग यांनी मिळविले.

नेदरलँड्स, म्हणजे ज्यास आपण हॉलंड म्हणतो, हा देश बहुतांशी सपाट आहे. तेथे माणसांपेक्षा सायकली अधिक आहेत आणि सायकलींसाठी वेगळे मार्ग बांधलेले आहेत. साहजिकच खेळाचे सामान मोटारीच्या टपावर न बांधता सायकलीमागे गाडा जोडून किनाऱ्यावर नेण्याची रीत तेथील काही हौशी लोकांनी पत्करली. सामान मात्र अवघड. फळी सुमारे अडीच मीटर लांब. डोलकाठी चार मीटरांहून अधिक, परंतु बहुधा दोन तुकड्यांची. त्याशिवाय गुंडाळलेले शीड आणि हाती धरावयाची आडवी दांडी. नवशिक्याच्या सामानाचे वजन पंचवीस किलोग्रॅमपर्यंत सहज जाते. त्यात गाड्याचे पंधरा किलोग्रॅम धरले, तर एकूण ओझे चाळीस किलोग्रॅम होते. आपल्या पाठासाठी हाच आकडा घेऊ.

हार्लेम शहरापासून झांडफोर्ट या किनाऱ्यावरील गावापर्यंतचे अंतर सुमारे आठ किलोमीटर आहे. मधे वाळूच्या टेकड्यांची रांग असून तीमधून ‘व्हिसर्सपाड’, म्हणजे ‘कोळ्यांची वाट’ या नावाचा मार्ग जातो. पूर्वी झांडफोर्टच्या कोळिणी मासळीचे ओझे अंगावर घेऊन याच वाटेने हार्लेमच्या बाजारास पायी जात असत. आज त्या मार्गावरून सायकली धावतात. या वाटेने सामान न्यावयाचे, तर सपाट रस्ता, आडवा वारा, चढउतार व शेवटी वाळू अशा चार परीक्षा द्याव्या लागतात. त्या आपण क्रमाने पाहू.

विषयविवेचन

*(अ) ओझे अंगावर की चाकावर?*

प्रयोग १. विटेला सुतळी बांधून ती जमिनीवरून काट्याने ओढावी व काट्यावरील आकडा लिहून घ्यावा. नंतर विटेखाली गोल पेन्सिली ठेवून पुन्हा ओढावी. काटा नसल्यास रबराचा पट्टा किती ताणला जातो ते फूटपट्टीने मोजावे. दुसऱ्या वेळी ताण एकदम कमी झालेला दिसतो.

कोळीण डोक्यावरची पाटी नेते, तेव्हा ती वाटभर त्या पाटीचे पूर्ण वजन पेलीत असते. वीट फरफटत नेली, तर वजन जमीन पेलते. परंतु विटेचा तळ जमिनीवर घासतो आणि वजनाच्या निम्म्याच्या आसपास जोर लागू शकतो. चाकावर ठेवलेले ओझेही जमीनच पेलते, मात्र येथे चाक जमिनीवर घासत नाही, लोळते. घासण्याची क्रिया आखापाशी उरते आणि तेथे वंगण व छऱ्यांची व्यवस्था केलेली असते. डांबरी रस्त्यावर हवेच्या रबरी चाकास ओढण्यासाठी ओझ्याच्या सुमारे शंभराव्या हिश्शाइतका, किंबहुना त्याहूनही कमी जोर पुरतो. म्हणजे चाळीस किलोग्रॅमच्या गाड्यास चारशे ग्रॅमच्या वजनाएवढी ओढ बस झाली. हवा भरलेल्या चाकाचा हा लाभ जगाच्या पदरी पडला तो १८८८ साली, बेलफास्ट येथील जनावरांचे डॉक्टर डनलॉप यांनी आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी असे चाक तयार केले तेव्हा.

येथे मुलांचा असा ग्रह होतो की, ओढणे हलके झाले म्हणजे ओझेच हलके झाले. शिक्षकांनी हा ग्रह तूर्त तसाच राहू द्यावा. पुढील प्रयोगात तो आपोआप दूर होईल.

*(आ) ओझे कोठे ठेवावे?*

प्रयोग २. वीतभर रुंद व हातभर लांब पुठ्ठ्याच्या मध्याखाली आरा आडवा बसवून त्याच्या टोकांना झाकणांची चाके लावावीत. पुढच्या कडेला सुतळी बांधावी. आता एक दगड प्रथम पुढच्या कडेपाशी, नंतर बरोबर आखावर व शेवटी मागच्या कडेपाशी ठेवून सुतळीच्या साहाय्याने गाडी ओढावी.

दगड मागे असताना पुढची कड वर उचलली जाते. शेतकरी मुले लगेच म्हणतील, “गुरुजी, गाडी उलाळ झाली!” हा शब्द फळ्यावर लिहावा, तो ‘गुरुत्वमध्य’ या शब्दापेक्षा मुलांना अधिक शिकवून जाईल. दगड अगदी पुढे असला की पुढची कड खाली दबते, म्हणजे बैलांच्या मानेवर जू दाबते. दगड आखाच्या किंचित पुढे असेल, तेव्हा गाडी सर्वांत शहाण्यासारखी चालते.

सायकलीमागच्या गाड्यासही हाच न्याय लागू आहे. एकूण ओझ्याच्या विसाव्या ते दहाव्या हिश्शापर्यंत भार पुढच्या जोडावर यावा. चाळीस किलोग्रॅमच्या गाड्यास दोन ते चार किलोग्रॅम पुरेत. भार त्याहून फार अधिक झाला, तर सायकलीचे मागचे चाक विनाकारण दबते. उलट गाडा उलाळ असेल, तर त्याचा जोड सायकलीस वर उचलू पाहतो आणि वेग वाढताच गाड्याचे शेपूट डावीउजवीकडे हेलकावे घेऊ लागते. म्हणून फळीसारखी लांब वस्तू बांधताना तिचा मध्य आखाच्या थोडा पुढे ठेवतात. फळीचे जे टोक मागे बाहेर राहते, त्यास लाल फडके बांधतात व रात्री लाल दिवा लावतात.

जोडाविषयीही दोन शब्द सांगावेत. सायकल वळताना कलते, गाडा मात्र कलत नाही. यास्तव जोड ताठ असून चालत नाही. तो सर्व बाजूंस वळणारा असावा. तो मागच्या चाकाच्या आसाजवळ, म्हणजे खाली असणे चांगले. जोड सीटच्या दांडीला उंचावर बांधला, तर ब्रेक लावताच गाड्याचा धक्का उंचावर बसतो आणि मागच्या चाकाची जमिनीवरील पकड कमी होते. जोड निसटल्यास गाडा मोकाट सुटू नये म्हणून एक जादा पट्टा सायकलीच्या सांगाड्यास बांधून ठेवतात.

*(इ) आडवा वारा*

प्रयोग ३. वारा असेल त्या दिवशी मुलांना मैदानात न्यावे. एकाने मोठा पुठ्ठा वाऱ्यासमोर उभा धरावा, मग तोच आडवा, जमिनीशी समांतर धरावा. हाताला जाणवणारा फरक मुलांनी आपल्या शब्दांत सांगावा.

फळी गाड्यावर कडेवर उभी बांधली, तर अडीच मीटर लांब व साठ सेंटिमीटर रुंद अशी दीड चौरस मीटरची भिंतच वाऱ्यापुढे उभी राहते. ताशी छत्तीस किलोमीटर वेगाचा वारा बाजूने आला, तर अशा भिंतीवर सुमारे दहा किलोग्रॅम वजनाएवढा रेटा येतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की रेटा दुप्पट होत नाही, चौपट होतो. तीच फळी आडवी बांधली, तर वाऱ्यास केवळ तिची जाडी दिसते आणि रेटा सुमारे पाचव्या हिश्शावर येतो. मात्र पुढचे टोक वर उचललेले नसावे, नाही तर वारा खालून शिरून फळी उचलू पाहतो.

ज्या वाऱ्यासाठी खेळाडू हा सारा खटाटोप करतो, तोच वारा वाटेत त्याला आडवा येतो. आपल्याकडे कडब्याच्या पेंढ्या किंवा पत्र्याचा तुकडा सायकलीवरून नेणाऱ्यास हाच अनुभव येतो.

*(ई) चढ आणि उतार*

हा या पाठाचा गाभा होय. येथे घाई करू नये.

वाळूच्या टेकडीवर वीस मीटर अंतरात एक मीटर चढणारी वाट आहे असे समजू. सपाटीवर चारशे ग्रॅमच्या ओढीने चालणाऱ्या आपल्या गाड्यास आता चाळीसाचा विसावा हिस्सा, म्हणजे आणखी दोन किलोग्रॅम ओढ लागते. चढ दिसतो साधा, परंतु ओढ सहापट झाली. सायकलस्वार दमतो, उतरतो, हाताने ढकलतो. चढ कष्टाचा असला तरी धोक्याचा नसतो, कारण दमलेला माणूस आपोआप थांबतो.

टेकडी ओलांडली की तेच दोन किलोग्रॅम मागून ढकलू लागतात. स्वाराला कष्ट उरत नाहीत आणि धोक्यास आरंभ होतो.

प्रयोग ४. फळीचे एक टोक तीन पुस्तकांवर ठेवून उतार करावा. त्याच्या पायथ्याशी रिकामी काड्यापेटी ठेवावी. रिकामी गाडी वरून सोडून काड्यापेटी किती सरकली ते मोजावे. नंतर गाडीत दगड बांधून त्याच उंचीवरून सोडावी. पेटी अधिक दूर सरकते. मग आणखी तीन पुस्तके घालून उतार वाढवावा व पुन्हा मोजावे.

भरलेली गाडी ओढताना दगडाचे ओझे फारसे जाणवले नव्हते. पेटीला मात्र ते पुरते जाणवले. येथे मुलांचा मघाचा ग्रह दूर होतो. चाकाने घर्षण कमी केले होते, दगडाचे वस्तुमान नव्हे. वस्तुमानाबरोबर येणारे जडत्व, म्हणजे चालती वस्तू चालतच राहण्याची प्रवृत्ती, चाकावर ठेवल्याने तिळमात्र कमी होत नाही.

आता फळ्यावर हिशेब मांडावा. स्वार साठ व सायकल वीस, असे ऐंशी किलोग्रॅम ताशी अठरा किलोमीटर वेगाने चालले आहेत. त्यांचा ब्रेक असा आहे की सायकल पाच मीटरांत थांबते. मागे चाळीस किलोग्रॅमचा गाडा जोडला. गाड्यास स्वतःचा ब्रेक नाही. ऐंशी किलोग्रॅम थांबविणाऱ्या त्याच ब्रेकने आता एकशेवीस थांबवावयाचे, म्हणून अंतर दीडपट, म्हणजे साडेसात मीटर झाले. उतारावर वेग दुप्पट, ताशी छत्तीस किलोमीटर झाला असेल, तर अंतर चौपट वाढते. सपाट जागीदेखील एकट्या सायकलीस वीस मीटर व गाड्यासह तीस मीटर लागतील. उतारावर तर त्याहूनही अधिक लागतील आणि ओल्या रस्त्यावर त्यात आणखी भर पडेल. शाळेच्या पटांगणात पाच, साडेसात, वीस व तीस मीटर अशा चार रेघा चुन्याने आखून मुलांना त्यांवरून चालावयास लावावे. आकडे डोळ्यांना दिसले म्हणजे ते विसरले जात नाहीत.

यातच वळणाचा विचार येतो. सायकल व गाडा सरळ रेषेत असतील, तर मागचा धक्का सरळ पुढे बसतो. वळणावर ब्रेक लावला, तर तोच धक्का तिरपा बसतो आणि मागच्या चाकास बाजूला ढकलतो. म्हणून वेग वळणाच्या आधी, सरळ रस्त्यावर असतानाच कमी करावा.

*(उ) वाळू*

प्रयोग ५. थाळीतील वाळूवरून गाडी ओढावी. झाकणाची अरुंद कड वाळूत रुतते. नंतर झाकणाऐवजी रुंद डबी चाक म्हणून वापरून पाहावे.

कठीण रस्त्यावर उत्तम चालणारे अरुंद चाक वाळूत निरुपयोगी ठरते. रुतलेले चाक सतत स्वतःच पाडलेल्या खळग्यातून वर चढत असते. जणू त्याच्यापुढे कायमचाच चढ. चाक रुंद असले की तेच वजन अधिक जागेवर वाटले जाते व चाक कमी रुतते. यासाठी पुळणीवर फुग्यासारखी रुंद, कमी हवेची चाके वापरतात. पुष्कळ लोक मात्र सायकल व गाडा पक्क्या वाटेच्या शेवटी ठेवून फळी काखेत धरून चालू लागतात. चाकाचे गुण रस्त्यावर अवलंबून असतात, हे यावरून ध्यानी येईल.

तुलना

मुलांकडून पुढील तक्ता तोंडी भरून घ्यावा : डोक्यावरची पाटी, हातगाडी, बैलगाडी व सायकलीमागचा गाडा. प्रत्येकात वजन कोण पेलतो, ओढतो कोण आणि थांबवितो कोण? पाटी नेणारी बाई पाऊल थांबविताच ओझेही थांबते. हातगाडी ओढणारा उतारावर पाठ टेकून तिला अडवितो. बैलगाडीस बैल आपल्या अंगावर तोलून धरतात. आता फळ्याच्या कोपऱ्यातील उत्तराकडे मुलांचे लक्ष वेधावे. गाडीवान उतारावर बैलांना आवरतो, कारण भरली गाडी ओढण्याहून थांबविणे अवघड, हे त्याला शाळेत न जाताही कळलेले असते. सायकलस्वाराच्या हाती मात्र बैलांचे बळ नसते, केवळ दोन ब्रेक असतात.

नियमन

मुलांच्या तोंडून पुढील नियम निघावेत. शिक्षकांनी ते आयते सांगू नयेत.

१. चाक ओझ्याचे घर्षण कमी करते. वस्तुमान कमी करीत नाही.
२. ओझे आखाच्या किंचित पुढे, सखल व घट्ट बांधलेले असावे.
३. जितके ओझे अधिक, तितके थांबण्याचे अंतर अधिक. वेग दुप्पट, तर अंतर चौपट.
४. उतारावर वेग वाढू देऊन मग आवरण्यापेक्षा तो आरंभापासूनच वाढू देऊ नये.

उपयोजन

आपल्या शाळांतील पुष्कळ मुलेमुली सायकलीने येतात व घरी गेल्यावर सायकलीवरूनच पाणी, गवत, दूध नेतात. त्यांना पुढील गोष्टी प्रत्यक्ष करावयास लावाव्यात : निघण्यापूर्वी दोन्ही ब्रेक दाबून पाहणे, दोरीची गाठ हलवून पाहणे, दोरीचे मोकळे टोक आऱ्यांपासून दूर बांधणे, पाण्याचा कॅन काठोकाठ भरून झाकण लावणे, कारण अर्धवट भरलेल्या कॅनमधील पाणी हेलकावे घेते. घरी केलेल्या गाड्यात धाकट्या भावंडास बसविण्याचा मोह मुलांना होतो. हा मोह स्पष्ट शब्दांत निषिद्ध सांगावा.

आणखी एका गोष्टीचा उल्लेख केल्यावाचून हा पाठ पुरा होऊ शकत नाही. ज्या भागात ऊस आहे, तेथे गळिताच्या हंगामात भरलेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला हात घालून सायकल ओढवून घेणारी मुले दिसतात. त्यांना केवळ रागे भरून उपयोग होत नाही. या पाठानंतर त्यांना एवढाच प्रश्न विचारावा, “ट्रॉली धरलीस, तेव्हा सायकल कोणती आणि गाडा कोणता?” विचार करणारा मुलगा उत्तर देईल, “बाई, मीच गाडा.” गाड्यास स्वतःचा ब्रेक नसतो हे त्याने नुकतेच पाहिलेले असते. शिवाय येथे जोड म्हणजे त्याचा एक हात, आणि ब्रेकसाठी उरलेला दुसरा. ट्रॉली थांबली, तरी त्याचे जडत्व थांबणार नाही. ट्रॉली वळली, तर तो चाकाखाली फेकला जाईल. हे उत्तर त्याचे त्याला सुचले, तर शंभर ताकिदींहून ते अधिक टिकेल.

स्वाध्याय

१. कोळिणीच्या डोक्यावरचे ओझे व गाड्यावरचे ओझे यांत जमिनीवर येणारा भार कमी होतो काय?
२. तीस किलोग्रॅमच्या गाड्यास पंधरा मीटरांत एक मीटर या चढावर सपाटीपेक्षा किती जास्त ओढ लागेल?
३. सायकल व स्वार मिळून साठ किलोग्रॅम आहेत आणि ते चार मीटरांत थांबतात. तीस किलोग्रॅमचा गाडा जोडल्यास त्याच ब्रेकने किती मीटरांत थांबतील?
४. घरापासून शाळेपर्यंतच्या वाटेचा नकाशा काढा व त्यात सायकलीचा वेग आधीच कमी करावयाच्या जागा दाखवा.

शिक्षकांस सूचना

प्रयोग २ व ४ मुलांच्या हातूनच व्हावेत. पहिल्या तासिकेत (अ) ते (इ) व दुसऱ्या तासिकेत उर्वरित भाग घ्यावा. दुसरा प्रश्न सोडविताना मुले सपाटीवरची ओढही मिळवितात. विचारलेली ओढ केवळ ‘जास्त’ लागणारी, म्हणजे दोन किलोग्रॅमच्या वजनाएवढी आहे, हे दाखवून द्यावे. तिसऱ्याचे उत्तर सहा मीटर. चौथ्या प्रश्नातील नकाशे वर्गात लावून ठेवावेत आणि एकाच जागेवर अनेक मुलांनी खूण केली असेल, तर ती जागा स्वतः जाऊन पाहावी व ग्रामपंचायतीच्या नजरेस आणावी.